इंटरनेट कंपनी बदलली आणि मेल यायचे थांबले: शोध कुठून सुरू करावा

नवे फायबर बसवून माणूस गेला. टीव्ही चालतो, व्हॉट्सअ‍ॅप चालते, व्हिडिओ कुठे अडकत नाही. पण दोन दिवसांत मेल एकही आलेला नाही. अशा वेळी बहुतेक जण नव्या कंपनीला फोन लावतात. पलीकडचा माणूस स्पीड तपासतो, 'आमच्या बाजूने सगळे ठीक आहे' म्हणतो आणि तक्रार बंद होते. त्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरेही असते.

कारण येणारा मेल तुमच्या घरची वायर शोधत येत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तुमच्या पत्त्यातले 'अ‍ॅट'नंतरचे नाव पाहतो, त्या नावाची एमएक्स नोंद विचारतो आणि नोंदीत जो सर्व्हर असेल तिथे मेल टाकून मोकळा होतो. तो सर्व्हर गूगलचा असेल, मायक्रोसॉफ्टचा असेल, वेबसाइट ठेवणाऱ्या होस्टिंगचा असेल किंवा जुन्या इंटरनेट कंपनीचा. तुमचे कनेक्शन तिथून मेल उचलून आणायचे काम करते, बस. तुमची पेटी पणजीच्या पोस्टातच आहे. पर्वरीहून जायचा पूल तेवढा तुम्ही बदललात.

तेव्हा पहिला प्रश्न एकच: मेल पेटीत पडला आहे की नाही? याचे उत्तर मिळेपर्यंत आउटलुक किंवा थंडरबर्डच्या सेटिंगला हात लावू नका. 'खाते काढून पुन्हा घालतो' हा मोह तर मुळीच नको. त्यात जुने मेल जाऊ शकतात. कसे, ते पुढे आहे.

पहिली कसोटी: मोबाइल डेटा आणि वेबमेल

फोनचे वाय-फाय बंद करा. मोबाइल डेटावर ब्राउझर उघडा. मेलचे अ‍ॅप नको, ब्राउझरच. त्यात आपल्या मेलच्या वेबसाइटवर जाऊन लॉगिन करा. होस्टिंगवरचा पत्ता असेल तर वेबमेलचे पान होस्टिंगवाल्याच्या स्वागताच्या मेलमध्ये दिलेले असते. ऑफिसचे मेल सांभाळणारा माणूस वेगळा असेल तर त्याला विचारा.

मग दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून स्वतःलाच मेल पाठवा. एक जीमेलवरून, दुसरा कुठल्याही वेगळ्या सेवेवरून. विषयात वेळ लिहा, 'चाचणी सकाळी १०.४०' असे, म्हणजे कुठला आला आणि कुठला नाही यात घोळ होत नाही. एकाच ठिकाणाहून पाठवलेल्या चाचणीवर भरवसा ठेवू नका, कारण त्याच पत्त्यावरून त्याच पत्त्याला गेलेला मेल कधी कधी सर्व्हरच्या आतल्या आत पोचतो आणि बाहेरचा रस्ता तपासलाच जात नाही. पंधरा मिनिटे थांबा. इनबॉक्सबरोबर स्पॅम, 'ऑल मेल', सोशल आणि प्रमोशन्सचे टॅबही पाहा.

मेल वेबमेलमध्ये दिसतो, पण कॉम्प्युटरवर येत नाही: बिघाड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा रस्त्यात आहे. मेल सुरक्षित आहेत, घाई नको.

वेबमेलमध्येही नाही आणि पाठवणाऱ्याला परतीचा मेल आला: पेटी भरली, बंद झाली किंवा पत्त्याची नोंद चुकीच्या जागी दाखवते आहे. इथे मात्र आजच हात चालवायचा.

वेबमेलमध्ये नाही आणि परतही गेला नाही: स्पॅम, कुठला तरी फिल्टर, कधी तरी लावून विसरलेले फॉरवर्डिंग, किंवा मेल अजून पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेत आहे.

हाताशी चार-पाच दिवस असतात

तुमचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल लगेच फेकत नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या नियमांत हा काळ निदान चार-पाच दिवसांचा असावा असे म्हटले आहे आणि बरेचसे सर्व्हर तो पाळतात; काही मात्र दिवसा-दोन दिवसांत हात टेकतात. म्हणून शुक्रवारी सर्व्हर पडला आणि सोमवारी उभा राहिला तर मधले बरेच मेल उशिरा का होईना, येतात. ही सवलत सर्व्हर उत्तर देत नाही किंवा 'नंतर या' म्हणतो तेव्हाच मिळते. सर्व्हर सापडला आणि त्याने 'असा पत्ताच नाही' असे सांगितले तर मेल त्याच क्षणी परत जातो आणि पुन्हा येत नाही.

म्हणून परतीचा मेल पाठवणाऱ्याकडून मागवून घ्या. स्क्रीनशॉट चालेल. त्यातला तीन आकडी कोड महत्त्वाचा. चारने सुरू होणारा, म्हणजे ४२१ किंवा ४५०, म्हणजे तात्पुरती अडचण, प्रयत्न चालू आहेत. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. त्यातही ५५० आणि पुढे ५.१.१ असेल तर तो पत्ता सर्व्हरवर नाही. ५५२ किंवा ५.२.२ असेल तर पेटी भरली, ५.१.२ असेल तर 'अ‍ॅट'नंतरच्या नावातच गडबड; ५.७.१ असेल तर सर्व्हरने नियमावर बोट ठेवून नाकारला. 'मेल जात नाही हो' एवढ्या निरोपावरून तासभर जे कळणार नाही, ते या एका ओळीवरून कळते.

पत्ताच जुन्या कंपनीचा असेल तर

गोव्यातल्या जुन्या लेटरहेडवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि देवस्थानांच्या पावतीपुस्तकांवर अजून गोवाटेलिकॉम, संचारनेट, डेटावन अशा नावांचे पत्ते छापलेले दिसतात. इंटरनेटबरोबर मेलपत्ता मिळायचा त्या काळातले ते. आजही काही कंपन्या कनेक्शनसोबत पत्ता देतात.

असा पत्ता साधारणपणे कनेक्शनशी बांधलेला असतो. कनेक्शन सोडले की काही मुदतीनंतर पेटी बंद होते आणि आतले मेल जातात. मुदत किती, हे कंपनीगणिक आणि योजनेगणिक वेगळे. म्हणून कनेक्शन बंद करण्याचा अर्ज देण्याआधी लेखी विचारा: मेलपत्ता कधीपर्यंत चालेल, पैसे भरून तो चालू ठेवता येतो का, आणि फॉरवर्डिंग लावता येते का. तोंडी 'होय होय, चालतो' यावर जाऊ नका.

पेटी अजून उघडत असेल तर आधी आतला माल बाहेर काढा. थंडरबर्डमध्ये खाते आयमॅपने जोडा, सगळे फोल्डर पूर्ण उतरू द्या, मग ते 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. आउटलुकच्या जुन्या, कॉम्प्युटरवर बसवलेल्या आवृत्तीत फाइल, मग ओपन अँड एक्स्पोर्ट, मग इम्पोर्ट-एक्स्पोर्ट या वाटेने पीएसटी फाइल बनवा. आयमॅपमध्ये दिसणारा मेल ही सर्व्हरवरच्या मेलची सावली असते. सर्व्हरवरची पेटी रिकामी झाली आणि तुमच्या प्रोग्रामने पुन्हा जुळवणी केली की इथलेही रिकामे. खाते काढून टाकले तर उतरवलेली प्रतही त्याच्याबरोबर जाते. पॉपने जोडलेले खाते याच्या नेमके उलट: मेल तुमच्या डिस्कवर असतात, सर्व्हरवर बहुधा नसतात, म्हणून तिथे खाते काढताना एकमेव प्रत पुसली जाऊ शकते. दोन्हीकडे निष्कर्ष सारखाच: आधी प्रत, मग बाकीचे.

जुना पत्ता जीमेलमध्ये पॉपने ओढून आणायची सोय पुष्कळांनी लावलेली असते. वेबवरच्या जीमेलमधली ही सोय २०२६ पासून बंद करत असल्याचे गूगलने जाहीर केले आहे, तेव्हा नव्याने तिच्यावर विसंबू नका. जुन्या पेटीतूनच फॉरवर्ड करता येत असेल तर तसे करा.

वेबमेलमध्ये आहे, आउटलुकमध्ये नाही

आधी आउटलुक 'वर्क ऑफलाइन'वर तर नाही ना, एवढे पाहा. मग त्याच कॉम्प्युटरला फोनचा हॉटस्पॉट जोडून 'सेंड-रिसीव्ह' दाबा. हॉटस्पॉटवर मेल आले आणि नव्या फायबरवर नाही, तर दोष रस्त्यात. दोन्हीवर नाही, तर दोष सेटिंगमध्ये.

सेटिंगमध्ये सर्वांत आधी येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव वाचा. तिथे जुन्या कंपनीचे नाव असेल, किंवा नुसते 'मेल' वा 'पॉप' एवढेच लिहिलेले असेल, तर कारण सापडले. असे अर्धे नाव जुन्या कंपनीच्याच जाळ्यात ओळखले जायचे. बाहेरून ते कोणालाच माहीत नाही. जागेवर मेलसेवेने दिलेले पूर्ण नाव घाला. पोर्ट आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५, दोन्ही एसएसएल किंवा टीएलएससह. जुन्या मांडणीत १४३ किंवा ११० आणि सुरक्षा 'काही नाही' असे असेल तर आता बदलण्याची चांगली संधी आहे. जाणाऱ्या मेलसाठी ५८७ किंवा ४६५ घाला; २५ नको, घरगुती कनेक्शनवर तो बऱ्याचदा अडवलेला असतो.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा मागत असेल तर जीमेलच्या बाबतीत कारण वेगळे. वैयक्तिक खात्यांवर नुसत्या नाव-पासवर्डाने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणे गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केले. जुना आउटलुक असेल तर गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. शिवाय नव्या कनेक्शनचा आयपी पत्ता वेगळ्या शहराचा दिसू शकतो. मडगावात बसलेला माणूस मुंबईत किंवा बंगळूरूत दिसला की गूगल 'हे तुम्हीच का?' विचारते. तो इशारा फोनवर पडून असतो आणि त्याला 'होय' म्हणेपर्यंत मेल येत नाहीत.

दोन कॉम्प्युटरवर पॉप असेल तर आणखी एक गंमत होते. ऑफिसमधला कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप दोघे एकाच पेटीतून मेल ओढतात; जो आधी ओढतो तो मेल घेऊन सर्व्हर रिकामा करतो. कनेक्शन बदलताना ऑफिसचे मशीन दिवसभर बंद होते, तेवढ्यात घरच्या लॅपटॉपने सगळे उचलले. मेल हरवलेले नसतात, घरी असतात. उपाय: पॉप सोडून आयमॅप, किंवा निदान दोन्हीकडे 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण.

हॉटस्पॉटवर येतात, फायबरवर नाहीत

हे प्रकरण खरे गुंतागुंतीचे. कंपनीचे ग्राहकसेवा केंद्र इथे फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. कधी काळी कोणी तरी तंत्रज्ञाने कॉम्प्युटरमध्ये किंवा तुमच्या स्वतःच्या राउटरमध्ये जुन्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचे आकडे हाताने भरलेले असतात. त्या कंपनीचे डीएनएस बहुधा आपल्या ग्राहकांनाच उत्तर देतात. ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू असेल तर वेबसाइटी उघडतात, कारण ब्राउझर स्वतंत्रपणे विचारून घेतो. आउटलुकला मात्र कॉम्प्युटरच्याच डीएनएसवर अवलंबून राहावे लागते आणि तो 'सर्व्हर सापडत नाही' म्हणतो. 'नेट चालते, मेल नाही' या कोड्याचे उत्तर अनेकदा हेच असते. विंडोजमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या गुणधर्मांत आयपीव्ही४ उघडून डीएनएस 'आपोआप मिळवा'वर ठेवा, किंवा ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. राउटरच्या पानावरही तेच पाहा. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, जुनी उत्तरे पुसली जातात.

अडवलेला आयपी. मेल होस्टिंगवर असेल तर हे हमखास तपासा. तुमच्या कुठल्या तरी उपकरणात, बहुतेक वेळा कपाटातल्या जुन्या टॅबमध्ये, जुना पासवर्ड राहिलेला असतो. नव्या वाय-फायला जोडताच तो दर काही मिनिटांनी चुकीच्या पासवर्डाने दार ठोठावतो आणि होस्टिंगची सुरक्षा तुमचा अख्खा आयपी पत्ता अडवते. मग घरातल्या कोणाचेच मेल येत नाहीत, वेबमेलही उघडत नाही. मोबाइल डेटावर सगळे सुरळीत. ब्राउझरमध्ये आपला बाहेरचा आयपी पत्ता शोधून घ्या, तो होस्टिंगवाल्याला द्या आणि मोकळा करायला सांगा. त्याआधी तो टॅब शोधून त्यातले खाते दुरुस्त करा, नाहीतर तासाभरात पुन्हा तेच.

दोष तुमच्या घरातला नसेल, असेही होते. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात. म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. त्यातल्या दुसऱ्या कोणाच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमुळे पत्ता अडला असेल तर शिक्षा तुम्हालाही. अशा वेळी नव्या कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात.

लहान मेल येतात, मोठे अटॅचमेंट असलेला मेल आला की सगळे अडकते: हे एमटीयूचे, म्हणजे एका पाकिटात किती मावते त्या मर्यादेचे लक्षण. पीपीपीओईवर (राउटर नाव-पासवर्ड देऊन जोडला जातो त्या पद्धतीवर) चालणाऱ्या कनेक्शनमध्ये प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्या व्यवस्थेलाच लागतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ एवढेच मावते. मधल्या एखाद्या यंत्राने 'पाकीट मोठे आहे' हा निरोप गिळला की मोठा मेल अर्ध्यात लटकतो आणि त्याच्या मागचे सगळे थांबतात. तपासायला विंडोजची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि 'पिंग' लिहून, एक जागा सोडून, वजाचिन्ह व 'एफ', पुन्हा जागा, वजाचिन्ह व 'एल', मग १४६४ आणि शेवटी ८.८.८.८ असे द्या. अक्षरे अर्थात इंग्रजी लिपीत आणि लहान. १४६४ ला उत्तर आले आणि १४७२ ला 'तुकडे करावे लागतील' असा निरोप आला तर एमटीयू १४९२ आहे, कारण १४६४ मध्ये शीर्षकांचे २८ बाइट मिळवायचे असतात. राउटरच्या वॅन पानावर एमटीयू १४९२ करा. तरीही मोठे मेल अडकले तर १४०० करून पाहा. वेगात फरक जाणवणार नाही.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) अर्धवट चालू असेल तर मेल यायला प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिट लागतो किंवा जोडणी तुटते. अ‍ॅडॉप्टरवर आयपीव्ही६ ची खूण काढून चाचणी घ्या. फरक पडला तर कंपनीला ते दुरुस्त करायला लावा. कायमचे बंद ठेवणे हा उपाय नाही, टेकू आहे.

अँटिव्हायरसची मेल तपासणी आणि कॉम्प्युटरची चुकलेली तारीख ही दोन किरकोळ कारणे. पावसाळ्यात वीज ये-जा करते आणि जुन्या मशीनची घड्याळाची बॅटरी संपलेली असते. तारीख मागे गेली की सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नाकारले जाते.

नव्या ओएनटीच्या (फायबर ज्यात येते त्या डब्याच्या) मागे तुमचा जुना राउटर जोडला आहे म्हणून मेल येत नाहीत, असे कोणी सांगितले तर मान डोलवा आणि सोडून द्या. मेल उचलायला दोन राउटर आड येत नाहीत. आणि ओएनटीवर 'लॉस'चा लाल दिवा पेटला असेल तर वरचे काहीच लागू नाही: जूनच्या वाऱ्यात माडाची झावळ पडून फायबर तुटले असणार.

जीमेल भरले, आणि ते नव्या फायबरमुळेच

हे कारण विचित्र वाटते, पण खरे आहे. गूगलची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. फोनमध्ये फोटोंचा बॅकअप 'फक्त वाय-फायवर' असा ठेवलेला असतो. इतकी वर्षे घरात मोजूनमापून डेटा होता, बॅकअप तुंबलेला होता. अमर्याद फायबर आले, फोनने एका रात्रीत दहा वर्षांचे चतुर्थीचे आणि लग्नांचे व्हिडिओ वर चढवले, १५ जीबी भरले, आणि सकाळपासून येणारे मेल परत जाऊ लागले.

गूगल खात्याचे स्टोरेज पान उघडा. बॅकअप थांबवा. मोठे व्हिडिओ कॉम्प्युटरवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून, उघडतात याची खात्री करून, वरून काढा. ट्रॅशही रिकामी करा, तोवर जागा मोकळी होत नाही. जीमेलच्या शोधपट्टीत 'लार्जर', अपूर्णविराम (:) आणि '१०एम' असे इंग्रजीत लिहिले की १० एमबीवरचे मेल समोर येतात. जागा झाल्यावर नवे मेल येतील. परत गेलेले येणार नाहीत, ते पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागावे लागतात.

स्वतःचे डोमेन असेल तर

रिसॉर्ट, सीएचे ऑफिस, शाळा यांचे पत्ते बहुधा स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे 'अ‍ॅट'नंतरच्या स्वतःच्या नावावर असतात. मेल गूगल, झोहो किंवा होस्टिंगवर असेल आणि डोमेनही वेगळीकडे असेल, तर इंटरनेट कंपनी बदलल्याने काहीच बिघडायला नको. बिघडते ते डोमेन किंवा त्याचे डीएनएस जुन्या इंटरनेट कंपनीने 'पॅकेजमध्ये' सांभाळलेले असेल तेव्हा. कनेक्शन बंद, खाते बंद, डीएनएस बंद. मग वेबसाइट आणि मेल दोन्ही एकदम जातात. दोन्ही एकदम जाणे हीच त्याची खूण.

गूगल अ‍ॅडमिन टूलबॉक्समधल्या 'डिग' या पानावर डोमेनचे नाव घालून एमएक्स निवडा. सर्व्हरची नावे आली आणि ती तुमच्या मेलसेवेची असली तर ठीक. काहीच आले नाही तर डीएनएस गेलेले आहे. जुन्या कंपनीचे नाव आले तर नोंद बदलायची आहे. तिथेच एनएस निवडले की डीएनएस कोणाकडे आहे हे कळते. दुरुस्ती तिथेच करायची, वेबसाइटवाल्याच्या पॅनेलमध्ये उगाच नोंदी भरून उपयोग नाही. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो. ३६०० म्हणजे तासभर, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. बदल केल्यावरही तेवढा वेळ जगातले सर्व्हर जुने उत्तर धरून बसू शकतात. बदल ठरलेला असेल तर दोन दिवस आधी टीटीएल ३०० करा.

मेल सर्व्हरच ऑफिसात असेल

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, एखाद्या जुन्या हॉटेलात मेल सर्व्हर स्वतःच्या खोलीत ठेवलेला असेल, तर मात्र इंटरनेट कंपनी बदलणे म्हणजे पेटीच उचलून दुसरीकडे नेणे. इथे क्रम चुकला की मेल जातात.

नव्या कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी घ्या. सीजीनॅटमागे बाहेरून कोणी तुमच्या २५ नंबरच्या पोर्टवर पोचूच शकत नाही. २५ आत येण्यासाठी उघडा आहे का, हे लेखी विचारा. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, किंवा त्यात २५, ५८७ आणि ९९३ हे पोर्ट तुमच्या फायरवॉलकडे वळवा. एमएक्स नोंद सर्व्हरच्या नावाकडे बोट दाखवते, आयपीकडे नाही. म्हणून बहुधा एमएक्सला हात न लावता त्या नावाची ए नोंद (नावाचा आयपी सांगणारी) नव्या आयपीवर न्यायची असते. मग बाहेरच्या कनेक्शनवरून टेलनेटने २५ पोर्टवर जा. २२० ने सुरू होणारी ओळ दिसली तर दार उघडे आहे. शेवटी रिव्हर्स डीएनएसची (आयपीवरून नाव सांगणारी) नोंद नव्या कंपनीकडून करून घ्या आणि एसपीएफ नोंदीत (तुमच्या नावाने मेल कोणी पाठवावा ते सांगणाऱ्या) जुना आयपी काढून नवा घाला.

हे शेवटचे दोन जाणाऱ्या मेलसाठी आहेत, मग इथे का? कारण ते राहिले की तुमची कोटेशने ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतात, उत्तर येत नाही, आणि ऑफिसात ओरड होते ती 'मेल येत नाहीत' अशीच.

जुने कनेक्शन निदान आठवडाभर सोबत चालू ठेवा. त्या आठवड्याचे भाडे वाचवण्यात शहाणपण नाही. आणि डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा किंवा चतुर्थीचे दिवस बदलासाठी निवडू नका. बिघाड झाला तर तंत्रज्ञ मिळणार नाही.

स्कॅन येत नाही, चौकशी येत नाही

झेरॉक्सच्या मल्टिफंक्शन मशीनवर स्कॅन केलेला कागद मेलवर यायचा, तो बंद झाला, ही तक्रार येणाऱ्या मेलची वाटते. मुळात ती जाणाऱ्याची आहे. मशीनमध्ये जुन्या कंपनीचा एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणारा, सर्व्हर भरलेला असतो आणि तो आपल्या जाळ्याबाहेरून आलेला मेल घेत नाही. मशीनच्या पॅनेलमध्ये तुमच्या मेलसेवेचा एसएमटीपी, पोर्ट ५८७, नाव आणि पासवर्ड भरा. सीसीटीव्हीचे इशारे आणि टॅलीतून जाणारी बिलेही याच कारणाने थांबतात.

होमस्टेवाल्यांसाठी: बुकिंग डॉट कॉम, एअरबीएनबीवरची बुकिंगे मेल आला नाही म्हणून रद्द होत नाहीत. त्यांच्या अ‍ॅपमध्ये ती दिसतात. मेल दुरुस्त होईपर्यंत दिवसातून दोनदा अ‍ॅप उघडा.

पत्ता बदलायचाच ठरला तर

जुनी पेटी जिवंत आहे तोवरच हे काम होते, कारण पुष्कळ ठिकाणी बदलाची पुष्टी जुन्या पत्त्यावर येते. क्रमही महत्त्वाचा. पहिले डोमेनचे खाते, कारण ते गेले तर सगळेच गेले. मग इतर मेलखात्यांतला रिकव्हरी पत्ता. मग बँक आणि डिमॅट. आयकर पोर्टलवर प्रोफाइलमधून संपर्क बदलतो. जीएसटीवर अधिकृत स्वाक्षरीदाराचा मेलपत्ता नोंदणीच्या नॉन-कोर दुरुस्तीतून. परदेशी पाहुणे उतरत असतील तर त्यांची माहिती २४ तासांत कळवण्याचे खाते, सगळे ज्याला सी-फॉर्म म्हणतात ते, विसरू नका. ऐन हंगामात पासवर्ड विसरला आणि तो बदलायचा दुवा बंद पेटीत गेला तर पंचाईत होते. त्यानंतर विमा, वीज बिल, गॅस, शाळा.

जुन्या पेटीत मागच्या बारा महिन्यांचे मेल पाठवणाऱ्याच्या नावाने लावा. वर्षातून एकदाच येणारे, विम्याच्या नूतनीकरणाचे किंवा डोमेनच्या मुदतीचे, त्यातच सापडतात. आठवणीवर केलेल्या यादीत ते कधीच नसतात.